कार्डाचा आवाज मोजला त्या दुपारी

आम्ही नवराबायकोनं शेवटचं सोबत काय केलं असं कोणी विचारलं, तर सांगेन, गप बसलो. घरातल्या मधल्या खोलीत, दार लावून, पंखा बंद, कूलर बंद, वैशाखाची भर दुपार. आमचा मुलगा एका यंत्राचा आवाज मोजत होता आणि आम्हाला तोंडातून चकार शब्द काढायचा नव्हता. दिवस मावळायच्या आत ती गेली.

मुलगा काही लहान नाही. कानावरचे केस पिकले त्याचे. जळगाव जामोदला त्याचं कंप्युटरचं दुकान आहे. आधी माझ्यासोबत वावरच करायचा. पण बोंडअळी परत आली त्या सालांत त्यानं सांगून टाकलं, "बाबा, मी आता पराटी लावत नाई. तुम्ही लावा." मी कापूस लावत राहिलो. तो दुकानात बसला. गेम खेळणाऱ्या पोरांना मोठाली यंत्रं जोडून द्यायची, आणि बाजारात नवा भाग आला की तो तपासून मोबाइलवर त्याचा व्हिडिओ टाकायचा, आपल्याच बोलीत. चांगला असला तर चांगला म्हणायचा, नसला तर नाही. लोक पाहतात म्हणे.

त्या आठवड्यात त्याच्याकडे एक कार्ड आलं होतं. कार्ड म्हटलं तर मला रेशनकार्ड आठवतं, पण हे विटेपेक्षा मोठं आणि जड. गेममधलं चित्र हेच काढतं. काढता काढता तापतं, म्हणून त्याच्या पोटातून पाणी फिरवायचं. दोन काळ्या नळ्या, आणि त्या नळ्यांच्या टोकाला ट्रॅक्टरच्या रेडिएटरसारखी चपटी जाळी, तिच्यावर पंखे. मोठ्या व्यापाऱ्यानं तपासायला पाठवलेलं, परत द्यायचं होतं. डब्यावर लिहिलं होतं म्हणे की कितीही काम करा, आवाज येत नाही. ते खरं की खोटं हे मुलाला पाहायचं होतं. दुकानासमोर एसटीचे हॉर्न, पानठेल्याची गाणी. तिथं काय आवाज मोजणार? म्हणून सगळं बाड गाडीत टाकून तो गावी आला. आमच्या भिंती मातीच्या, हातभर जाड. दुपारी गाव झोपतं.

त्याची माय त्या वस्तूभोवती फिरून आली. बाजारातून आणलेल्या बैलाभोवती फिरावं तशी.

"पाणी कुठून भरतात रे याच्यात?"

"भरा नाई लागत, माय. कंपनीनंच भरून सील केलं."

"मंग आत पाणी हाये हे तुले कसं ठाऊक?"

मुलगा हसला. "पाकिटावर लिहिलं हाये."

"पाकिटावर!" ती माझ्याकडे वळली. "आयकलं काय? पाकिटावर लिहिलं हाये म्हणे."

मला कळलं ती काय म्हणते ते. कापसाचं बीटी बियाणं आलं तेव्हा पाकिटावर पांढऱ्याशुभ्र बोंडाचं चित्र होतं. खोटं नव्हतं ते. पहिली काही सालं फवारणी खरंच कमी झाली, झाडं बोंडांनी वाकली. मग गुलाबी अळी आली आणि ती आतून आली. बाहेरून बोंड हिरवंगार, टणक, आणि आत सरकी खाल्लेली, कापसाची कवडी झालेली. बियाणं कंपनीचा माणूस धुऱ्यावर, बांधावर उभा राहून पीक लय चांगलं म्हणायचा. ही त्याच्यासमोर दोन्ही अंगठ्यांनी बोंड फोडायची. "वरून काय पाहता भाऊ, हे घ्या." तो माणूस पुढे आमच्या वावराकडे यायचा बंद झाला.

"फोडून पाय ना," ती मुलाला म्हणाली.

"फोडलं त' मले वावर इकून भरून द्या लागंन, माय."

"मंग कायचं तपासणं हाये तुह्यं?"

त्यानं यंत्र सुरू केलं. पडद्यावर जंगल, वरून पाऊस, आणि एक माणूस बंदूक घेऊन पळतोय. पानापानावरून पाणी ओघळत होतं. चिखलात त्याचे पाय रुतत होते आणि डबक्यात आभाळ दिसत होतं. एवढं खरं दिसत होतं की मी नकळत पाय वर घेतले. ती पडद्याला नाक लावून उभी.

"कोणाच्या वावरातून पळून राह्यला हा? पीक तुडवते ना मेला."

"पीक नाई वं, जंगल हाये."

"याले घरदार नाई काय? कवाचा वला होऊन राह्यला."

कोपऱ्यात एक आकडा दिसत होता, कार्ड किती तापलं त्याचा. मुलगा त्याच्यावर डोळा ठेवून होता. बाहेर फुफाटा आणि आत हे यंत्र जीव तोडून काम करत होतं, पण आकडा एका जागी येऊन थांबला, वर जाईना. मी जाळीच्या पंख्याजवळ हात धरला. चुलीवरून आल्यासारखी वाफ. म्हणजे उष्णता बाहेर फेकत होतं, लपवत नव्हतं. मी मुलाला तसं सांगितलं. "काम करते हे." त्यानं मान हलवली.

पण आतून गुडगुड आवाज येत होता. हुक्क्यासारखा.

"पोटात गडबड हाये त्याच्या," ती म्हणाली. "ओवा द्या."

मुलगा म्हणाला, नळीत हवा अडकली असेल. त्यानं जाळी खाली ठेवली होती, ती उचलून यंत्राच्या वर बसवली. थोड्या वेळानं गुडगुड थांबली. ही माझ्याकडे पाहून भुवया उडवत होती, जसा काही आवाज तिनंच बंद केला.

मग खरं तपासणं सुरू झालं. त्यानं पंखा बंद केला, कूलर बंद केला, दार ओढलं. पाटावर उशी आणि उशीवर माइक. म्हणाला, "आता कोणी बोलू नका. हे आवाज पकडते. मुंगी चालली त' आयकू येईन."

आम्ही भिंतीला टेकून बसलो. अंगातून घामाच्या धारा. यंत्राची बारीक घरघर, बस.

"घाम त' पुस रे, पोरा," ती म्हणाली.

"माय!"

"आता काय झालं?"

"तुहा आवाज भरला ना त्याच्यात." त्यानं बटन दाबून ते पुसून टाकलं. पुन्हा सुरू केलं.

थोडा वेळ बरा गेला. मग गोठ्यातून म्हैस ओरडली. म्हैस ओरडली तर ही गप कशी राहणार? "थांब वं, येतो, येतो," तिनं इथूनच तिला सांगितलं. वऱ्हाडातल्या बायका बोलताना येतो म्हणतात, तशी. मुलानं कपाळाला हात लावला. मला हसू आवरेना. पुसलं. तिसऱ्यांदा ती माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "झालं काय?" आणि मी तोंड उघडून म्हटलं, "नाई झालं, गप वं." म्हणजे आम्ही दोघं त्याच्यात भरलो. मुलगा वैतागून हसायला लागला.

"माय, मी कार्डाचा आवाज मोजून राह्यलो. तुह्या आवाजाले मीटर पुरत नाई."

"मंग मले बाहेर काऊन नाई पाठवत?"

"दार उघडलं त' अखीन आवाज येते. बस तिथंच. थोडासा दम धर."

तेही पुसलं त्यानं. मग तिनं पदराचा बोळा केला, तोंडात कोंबला, आणि डोळे मिटून बसली. घाम हनुवटीवरून गळत होता, पण पुसायला हात हलवला नाही, बांगड्या वाजतील म्हणून. मी तिच्याकडे पाहत होतो. इतक्या वर्षांच्या संसारात ती एवढी गप बसलेली मी पाहिली नव्हती. झोपेत सुद्धा बोलायची. मुलानं हात वर केला, संपलं म्हणून. तिनं पदर काढला.

"आता बोलू काय?"

"बोल वं माय, पाहिजे तेवढं बोल."

मग ती बोलली. संध्याकाळी वांगी करू का, तेल संपत आलं, त्या पडद्यातल्या माणसाला कोणीतरी कोरडे कपडे द्या. मुलगा कानाला हेडफोन लावून बसला, आणि ऐकून म्हणाला, "खरं हाये बाबा, कार्ड गप हाये." हे त्या कार्डाबद्दल. आज कोणी मला विचारलं तर मीही तेच सांगेन. ते परत गेलं. त्याचा व्हिडिओ मुलानं केला नाही.

ती म्हशीला पाणी पाजायला गोठ्यात गेली. बादली पडल्याचा आवाज आला. म्हैस असेल म्हणून मी लगेच उठलो नाही. मग मुलगाच गेला, आणि त्यानं मला ज्या आवाजात हाक मारली त्यावरून मला उठायच्या आधीच कळलं. डॉक्टर गावातच राहतो. तो आला, डोळे उघडून पाहिले, आणि म्हणाला, हृदय होतं, वेळच नव्हता.

मुलगी साखरखेर्ड्याला दिलेली. ती येईपर्यंत उचलायचं नाही असं ठरलं. जिल्ह्याच्या त्या टोकाहून या टोकाला यायचं. बंद केलेला कूलर मुलानं पुन्हा लावला आणि तिच्याकडे तोंड करून ठेवला. बर्फाच्या लाद्या आणल्या. रात्रभर बायका बसल्या होत्या. मी भिंतीला टेकून बसलो होतो, त्याच जागी.

सकाळी मुलगी आली. आईच्या अंगावर पडून रडली, बायकांनी तिला उठवलं. मग तिनं भावाचा हात धरला आणि म्हणाली, "दादा, तुह्याकडं मायचा आवाज असंन ना? तू त' रोजच आवाज भरतं. मले दे. मले तिचा आवाज पाहिजे."

फोटो होते आमच्याकडे, लग्नकार्यातले. आवाज कुठंच नव्हता. लग्नाच्या कॅसेटीत बँडच वाजतो. फोन ती हातात घ्यायची नाही. पोरगी म्हणाली आणि मुलाचा चेहरा उतरला. तो उठला, मधल्या खोलीत गेला आणि यंत्रासमोर बसला. बाहेर ओट्यावर माणसं जमली होती. कोणीतरी बोललं, मला ऐकू आलं, "माय दारात पडली आन् हा कंप्युटर घेऊन बसला. काय पोरगं हाये बे?" मी उठून आत गेलो.

तो शोधत होता. इथं उघड, तिथं उघड. "बाबा, मी पुसलं," तो म्हणाला. "बिलकुल पुसलं. काहीच नाई राह्यलं. तिचं येतो-येतो होतं, झालं काय होतं. मीच पुसलं बाबा." मग डोकं टेबलावर टाकून रडला. मोठा माणूस रडतो तसा, आवाज न करता.

"शेवटचं हाये ना?" मी म्हटलं.

"त्याच्यात ती नाई बोलली."

"लाव."

त्यानं हेडफोन माझ्या कानाला लावला. मी तो आवाज पूर्ण ऐकला. बारीक घरघर. पाणी फिरत असल्याचं सुद्धा कळत नाही, इतकं साफ. दूर कुठंतरी कावळा. मी डोळे मिटले तर भिंत दिसली, पदराचा बोळा दिसला, हनुवटीवरचा घाम दिसला. संपलं तेव्हा मी म्हटलं, पुन्हा लाव. त्यानं पुन्हा लावलं.

मुलगी दारात येऊन उभी होती. मी तिला हात केला आणि हेडफोन तिच्या कानाला लावला. ती ऐकत राहिली, वाट पाहत राहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, याच्यात काहीच नाई."

"हाये," मी म्हटलं. "गप बसली हाये. मोजू दे म्हणून तुह्या दादासाठी गप बसली. आयक."

तिनं दोन्ही हातांनी हेडफोन कानाशी दाबून धरला आणि खाली बसली. भाऊ तिच्याजवळ जमिनीवर बसला. मी त्यांना तिथं तसंच राहू दिलं. ओट्यावर गेलो, माणसं उठून उभी राहिली. मी म्हटलं, पोरगी आली, आता उचला, ऊन चढून राह्यलं.