साळवेकाकांचा कान

मोटरसायकल सुरू करण्याआधी विल्सन साळवेकाका आमच्या घराची बेल वाजवून रेडिओ बंद करायला सांगत. मग समोरच्या कपूरांना कूलर बंद करायला लावत. गल्ली गप्प झाली की किक मारत आणि डोळे मिटून उभे राहत. एंजिनाचा आवाज मनासारखा आला तर हात वर करत आणि कपूरांचा कूलर पुन्हा सुरू होई. पुण्याहून लग्न होऊन फरीदाबादला आल्यावर मी हे पहिल्यांदा पाहिलं आणि माणूस थोडा सर्किट आहे असं माझं मत झालं. ते मी पुढेही पूर्णपणे बदललेलं नाही.

आमच्या सेक्टरात तेव्हा अर्धे प्लॉट रिकामे होते. उरलेल्यांवर घरं वर चढत होती, गच्च्यांवर डिश अँटेना लागत होत्या आणि दारांत बँकेच्या कर्जावर घेतलेल्या नव्या गाड्या उभ्या राहत होत्या. काकांची मोटरसायकल त्यांच्या लग्नाच्याही आधीची होती. विलायती, साडेतीनशे सीसीची. रूथकाकू तिला ‘थोरली’ म्हणत. नवीन स्कूटर घ्या, असं सुचवणाऱ्याला सांगत, “थोरलीला विचारा, मी धाकटी आहे.”

काका मूळचे अहमदनगरचे. इथल्या एका ट्रॅक्टरच्या कारखान्यात ते टेस्ट बेडवर होते. जोडून तयार झालेलं प्रत्येक एंजिन तिथे चालवून बघतात. मीटर आकडे दाखवतात, पण आतला एखादा भाग सैल असेल तर ते आधी कानाला कळतं, आणि तो कान काकांचा होता. त्यांनी सही केल्याशिवाय एंजिन पुढे जात नसे. एक्स्पोर्ट कंपनीतलं माझं ऑफिस वाटेवरच होतं, त्यामुळे रोज सकाळी ते मला मागे बसवून चौकापर्यंत सोडत. वाटेत फुकट शिकवणी चाले. मी ऐकून घेई, कारण बस त्याहून वाईट होती.

त्या वर्षी उन्हाळ्यात थोरली फटाके फोडायला लागली. सिग्नलवरून निघताना गळा खाकरल्यासारखं करी आणि मग धाडकन आवाज. एकदा बाजूच्या रिक्षावाल्याने घाबरून रिक्षा नाल्याकडे वळवली आणि काकांच्या खानदानाविषयी बरंच काही ऐकवलं. काकांनी मला तत्त्व समजावून दिलं. धडाका दोन दारांनी येतो. मागच्या दाराने आला, तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन पेटतंय. पुढच्या दाराने, म्हणजे कार्बोरेटरमधून उलटा आला, तर एंजिनाला पेट्रोल कमी पडतंय नाहीतर ठिणगी अवेळी पडतेय. “आधी दार ओळखायचं, मग पाना उचलायचा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशाने गुण आला ते परमेश्वराला विचारावं लागतं.”

आवाज मागच्या दारानेच येतोय असं त्यांचं ठाम मत होतं. सायलेन्सर उजव्या बाजूला होता. त्याचा सांधा त्यांनी उघडला, पॅकिंग बदललं, क्लँप बदलला, शेवटी सायलेन्सरच दुसरा बसवला. प्रत्येक वेळी एकच गोष्ट, नियमाप्रमाणे. धडाके तसेच. मी मागे एका बाजूला बसत असे. मला तो आवाज पाठीमागून कधीच आला नव्हता. तो पुढून, काकांच्या मांडीखालून येई आणि त्याबरोबर पेट्रोलचा वास. हे मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, “वर्षा, तू एक्स्पोर्टच्या फायली बघ.”

एका रविवारी काका अंगणात थोरली उघडून बसले असताना मी परत तेच म्हणाले. काका चिडले. काकू पायरीवर शेंगा सोलत होत्या. त्यांनी वाटी आणि चमचा माझ्या हातात दिला आणि काकांना डोळे मिटून स्टुलावर बसायला सांगितलं. त्यांना काही शंका होती का, मला माहीत नाही. पलंगाच्या कुठल्या बाजूने हाक मारली तर उत्तर येतं, एवढं बायकोला कळतच असणार.

मी उजवीकडे वाजवलं. काकांनी उजवीकडे बोट केलं. मागे वाजवलं, बोट उजवीकडेच. मग डावीकडे, त्यांच्या कानाजवळ वाजवलं. बोट उजवीकडेच राहिलं. काकांनी डोळे उघडले, मी कुठे उभी आहे ते पाहिलं आणि बराच वेळ हाताचं तेल पुसत राहिले. टेस्ट बेडवर चालतं एंजिन कायम त्यांच्या डाव्या हाताला असे, हे त्यांनी नंतर सांगितलं. त्या आवाजाने डावा कान गेला होता. एक कान गेला की माणसाला आवाज ऐकू येतो, दिशा कळत नाही. सगळं चांगल्या कानाच्या बाजूनेच आल्यासारखं वाटतं.

“कधीपासून, हे कसं कळायचं?” एवढंच ते म्हणाले.

मग त्यांनी थोरली सुरू केली आणि मला कार्बोरेटरपाशी बसवलं. कार्बोरेटर जिथे एंजिनाला जोडलेला असतो त्या सांध्यावर त्यांनी तेलाचे थेंब सोडले आणि काय होतंय ते मला विचारलं. अडखळणारा आवाज एकदम सलग झाला होता. तेलाने फट बुजली होती. तिथून आत शिरणाऱ्या जादा हवेने घोटाळा केला होता. त्यांनी कार्बोरेटर काढला. सांध्याची कड वाकली होती. काचेवर पॉलिशपेपर ठेवून त्यांनी ती घासून सपाट केली, नवं पॅकिंग कापून बसवलं. धडाके थांबले. काकांना आनंद झालेला दिसला नाही.

कारखान्यात परदेशी भागीदार आले होते आणि जुन्या माणसांना स्वेच्छानिवृत्ती देत होते. काकांचं नाव पक्कं होतं. थोडे महिने गप्प राहिले असते तर मानाने बाहेर पडले असते. काकूंनी रडारड न करता हेच सांगितलं. “अहो, कोण विचारतंय? मीटर आहेत ना तिथे?” काकांचं म्हणणं वेगळंच होतं. कारखान्यात मापाचं गेज बिघडलं की त्याला लाल चिठ्ठी बांधतात आणि त्या गेजने मोजलेला माल परत मोजतात. “मी गेजच आहे, रूथ. गेजला पेन्शनचा विचार करता येत नाही.”

सोमवारी ते मॅनेजरकडे गेले आणि टेस्ट बेडवरून स्वतःला काढून घेतलं. तेवढ्यावर भागलं असतं. पण त्यांनी आवारात उभी असलेली, त्यांच्या सहीची सगळी एंजिनं पुन्हा चालवून बघायला लावली. त्यापायी त्यांच्या सेक्शनचे रविवार गेले. काही एंजिनांत खरंच दोष निघाला, म्हणून साहेबांकडून बोलणीही सगळ्यांना बसली. बलबीरसिंग हा त्यांचा इतक्या वर्षांचा जोडीदार. तो घरी येऊन एवढंच म्हणाला, “साळवे साब, अपनी सफाई के चक्कर में आपने हम सबको मरवा दिया.” चहा न घेता गेला.

आमच्याकडे कामगार निवृत्त झाला की सेक्शनची माणसं त्याला हार घालून, ढोल वाजवत घरापर्यंत आणून सोडतात. दाराशी भांगडा होतो, मग सगळे खाऊन जातात. काकांच्या शेवटच्या दिवशी काकूंनी सकाळपासून सामोसे भरले, कपूरांकडून खुर्च्या आणल्या, गल्लीच्या तोंडापर्यंत रांगोळी काढायला मला लावली. मी मदतीला होते.

काका नेहमीच्या वेळेला आले. एकटे, थोरलीवर. गळ्यात कंपनीने दिलेला एक हार होता. तो त्यांनी काढून हँडलला अडकवला आणि खुर्च्यांच्या रांगांकडे पाहत उभे राहिले.

“मागून येतायत का सगळे?” काकूंनी दारातून विचारलं. “दुसरा घाणा टाकू?”

काकू त्यांच्या डाव्या बाजूला उभ्या होत्या. काकांना ते ऐकू आलं की नाही, मी सांगू शकत नाही. काकूंनी पुन्हा विचारलं नाही. मी आत जाऊन तेलाखालचा गॅस बंद केला.