सातव्या भागाचा पहारेकरी

मंडळात त्यांना सगळे आजोबा म्हणतात. वय चोपन्न, घरात नातवंड सोडा, मूलही नाही. पण 'राखेचं राज्य' या गेमचा पहिला भाग निघाला त्या आठवड्यात तो विकत घेऊन खेळलेला माणूस मंडळात हा एवढाच उरला आहे. अशा माणसाला आजोबा नाही म्हणायचं तर काय चिरंजीव म्हणायचं?

पोटापाण्यासाठी आजोबा कवळ्या करतात. समोरच्या खोलीत पाटी डॉक्टरीणबाईंची, खुर्ची त्यांची, नाव त्यांचं. पण पेशंट घरी जाऊन ज्या दातांनी हसतो ते दात मागच्या खोलीत, आजोबांच्या टेबलावर जन्माला येतात. आधी प्लास्टरचा साचा, साच्यावर मेणाची हिरडी, मग मेणात एकेक दात, किंचित वाकडा, कारण अगदी सरळ दात कोणाला खरे वाटत नाहीत. फळीवर जबड्यांची रांग. त्यातला कुठला कोणाचा हे आजोबा चिठ्ठी न वाचता सांगतात. रस्त्यात कोणी भेटलं तर आधी त्याचा चावा आठवतो, मग नाव.

आणि घरी आल्यावर हा माणूस राखेच्या राज्यात कंदीलवाला होतो.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक देश राखेखाली गेला आहे. आपण कंदीलवाला. तीन सोबती जमवायचे आणि विझलेले दिवे लावत लावत राजधानी गाठायची. पहिल्या तीन भागांत लढाई अशी: आपले चौघे एका रांगेत, शत्रू समोरच्या रांगेत. आधी आपला डाव, मग त्याचा. आपण काय करायचं ते ठरवेपर्यंत शत्रू बिचारा जागच्या जागी डुलत उभा. तुम्ही उठा, चहा टाका, दूध उतू गेलं तर ओटा पुसा, परत या. तो डुलतोच आहे. इतका समजूतदार शत्रू आजोबांना पुढे आयुष्यात भेटला नाही.

चौथ्या भागात शत्रू जरा घाई करू लागला. पाचव्यात त्याने वाट बघणंच सोडलं. सहाव्यात रांग मोडली आणि तीन सोबत्यांचा एक झाला. यंदा आलेल्या सातव्यात सोबती नाहीतच. आपण एकटे. समोरचा हात उगारेल त्या क्षणी बाजूला उडी मारायची, आणि डोळ्याचं पातं लवण्याइतकाही उशीर झाला तर मेलात, पुन्हा पहिल्यापासून.

यावरून एकोणीस वर्षांच्या राखमंडळात उभी फूट पडायची वेळ आली होती. तसे मंडळाचे सभासद साठेक. भांडायला सगळे ऑनलाइन असतात, पण महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, सायकलच्या दुकानावरच्या खोलीत, प्रत्यक्ष भांडायला डझनभरच येतात. जुन्यांचे म्होरके आजोबा. नव्यांच्या बाजूने सिस्टर. ती इस्पितळात नर्स आहे आणि पाचव्या भागापासून खेळायला लागली.

"सिस्टर, विचार करायला वेळ मिळतो ते खेळणं," आजोबा म्हणत. "बाकी नुसती पळापळ."

"आजोबा, तिसऱ्या भागात तुमचा सोबती मरायला टेकलेला असतो आणि वैद्यीण आपला डाव येईपर्यंत शेजारी उभी असते," सिस्टर म्हणे. "माझ्या वॉर्डात मी असं करून दाखवू? नातेवाईक मला चहा टाकू देतील का बघू."

लोक हसत, आजोबाही हसत. पण सातवा भाग आला आणि आजोबांचं हसणं आटलं. त्यांनी चार पानी लेख लिहिला. 'हा आमचा गेम नव्हे'. लेख फर्मास होता. कवळीचा दाखलाही दिला होता, की चांगला कारागीर जुन्या कवळीचं माप आधी बघतो, मग नवीला हात घालतो. शेवटी प्रस्ताव: जुन्या भागांवर प्रेम करणाऱ्यांचं वेगळं मंडळ व्हावं, रविवारी मत घ्यावं. पोस्टमनने त्याला तासाभरात अनुमोदन दिलं. पोस्टमन म्हणजे आजोबांचा उजवा हात, मंडळाच्या पहिल्या दिवसापासूनचा. आजोबांनी छत्री घेतली की हा पाऊस आहे असं धरून चालतो.

लेखाचं पहिलं वाक्य असं: 'सातवा भाग पूर्ण खेळून मी हे जबाबदारीने लिहितो आहे.'

आजोबांनी सातवा भाग पूर्ण खेळला नव्हता. अर्धाही नाही. राज्याच्या पहिल्याच वेशीवर एक पहारेकरी उभा असतो, हातात खांबाएवढी गदा. त्याला हरवल्याशिवाय आत जाता येत नाही. आजोबा सुट्टीच्या दुपारी त्याच्यासमोर उभे राहत आणि मरत. बोटं ऐकत नव्हती. मेणात दात बसवताना ज्या बोटांना घाई कशी ती माहीत नसते, ती गदा खाली आल्यावर उडी मारत.

बायको शेजारी बसून शाळेच्या वाचनालयाच्या पुस्तकांना कव्हरं घालत असे. एकदा तिने विचारलं, "अहो, तो तुम्हाला मारतो. तुम्ही परत उभे राहता. तो परत मारतो. यात मजा कोणाला येते, त्याला?"

"तुला नाही कळायचं."

"ते खरंच," ती म्हणाली आणि चिकटपट्टी दाताने तोडली.

रविवारच्या आधी, बुधवारी, सिस्टरचा निरोप आला. मंडळात नाही, एकट्या आजोबांना.

'आजोबा, रागावू नका. सातव्या भागात कोण कुठवर पोचलं आणि किती वेळा मेलं हे मित्रयादीतल्या सगळ्यांना दिसतं. तुमचं मला दिसलं. सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. मी कोणाला बोललेले नाही, बोलणारही नाही.'

आजोबांनी उघडून बघितलं. त्यांच्या नावापुढे लिहिलं होतं: प्रवास चार टक्के. मृत्यू एकशे त्रेचाळीस. सगळे एकाच ठिकाणी.

जुन्या भागांत ही भानगड नव्हती. तेव्हा माणूस घरात मरत असे आणि ते चार भिंतींत राहत असे. आजोबांनी अर्धा तास शोधून ते सेटिंग बंद केलं. आता कोणाला काही कळायचं कारण नव्हतं. सिस्टरला कळलं होतं, पण ती गप्प राहणार होती. आजोबांना नेमकं तेच पचेना. विरोधी पक्षाच्या हातात एवढा मोठा दगड आला आणि तिने तो खाली ठेवून वर सांगितलं, की बघा हं, तुम्हाला लागेल. आता रविवारी तिच्यासमोर उभं राहून 'मी जबाबदारीने' म्हणायचं कोणत्या तोंडाने?

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी मागच्या खोलीत हाक मारली. "जरा पुढे या हो. या बाई ऐकत नाहीयेत."

खुर्चीत एक निवृत्त भूगोलाच्या शिक्षिका बसल्या होत्या. चौदा वर्षं वापरलेली कवळी रुमालात घेऊन आल्या होत्या, आणि नवी तयार कवळी ट्रेमध्ये होती.

"मला अशीच हवी होती," त्यांनी रुमाल पुढे केला. "हिने मी जेवलेय, भांडलेय, तीन मुख्याध्यापक पाहिलेत."

आजोबांचं हे उत्तर पाठ होतं. "बाई, जुनी कवळी आहे तशीच आहे. हिरडी झिजलीय. जुन्या मापाची नवी केली तर ती गळून हातात येईल."

"ते मला कळतं. मी भूगोल शिकवलाय, झीज मला तुम्ही शिकवू नका." बाईंनी नवी कवळी उचलून उजेडात धरली. "दिसायला तर वाईटच आहे. पण आठ दिवस तोंडात ठेवते. आठ दिवसांनी येऊन तुम्हाला शिव्या देईन. आत्ताच कशा देऊ? आत्ता मला काय माहीत?"

आणि त्यांनी ती बसवली, तोंड वाकडं केलं, आणि दुखतंय असं न सांगता निघून गेल्या.

डॉक्टरीणबाई हसल्या. आजोबा हसले नाहीत. मागच्या खोलीत येऊन त्यांनी एक दात मेणात उलटा बसवला, एकतीस वर्षांत पहिल्यांदा, आणि मग तो काढून पुन्हा सरळ बसवला.

रविवारी अकरा जण जमले. लिफ्टवाला अध्यक्ष, कारण त्याचा आवाज लिफ्टच्या बोगद्यात तळापासून वरच्या मजल्यापर्यंत पोचण्यासाठी कमावलेला. तो म्हणाला, "आजोबांनी प्रस्ताव मांडावा. कोणी मध्ये बोलायचं नाही. सिस्टर, तुम्हाला उद्देशून म्हणतोय."

"मी कुठे बोलले?" सिस्टर म्हणाली. ती आजोबांकडे बघत नव्हती.

आजोबा चार पानं घेऊन उभे राहिले. घसा साफ केला. पोस्टमनने पहिल्या रांगेतून मान हलवली, होऊ द्या अशी.

"पहिलं वाक्य खोटं आहे," आजोबा म्हणाले.

"कुठलं?"

"पूर्ण खेळलो म्हणून लिहिलंय ते. मी पूर्ण खेळलो नाही."

"मग किती खेळलात?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"चार टक्के."

"म्हणजे कुठवर?"

"पहिल्या पहारेकऱ्यापर्यंत."

मागून कोणीतरी म्हणालं, "तिथवर तर दोनच टक्के होतात."

"मी आजूबाजूला फिरून बघितलं," आजोबा म्हणाले. "एकशे त्रेचाळीस वेळा मेलो. मला तो जमत नाही. म्हणून तो वाईट आहे असं लिहिलं. वाईट असेलही. पण मी तो बघितलेला नाही."

खोलीत हसू फुटलं, आणि ते तसं प्रेमाचंच होतं. लिफ्टवाल्याने आपलं दोनशे दहा सांगून टाकलं. पण पोस्टमन हसत नव्हता.

"मी विकत घेतला नाही," तो म्हणाला.

"काय?"

"सातवा भाग. मागवला होता. तुमची चार पानं वाचली आणि परत पाठवला. सव्वीस वर्षं हा गेम खेळतोय मी, आणि यंदाचा बघितलासुद्धा नाही, तुमच्या भरवशावर. आणि आज मी त्याच्याविरुद्ध मत द्यायला आलोय."

एकशे त्रेचाळीस वेळा मरून जे झालं नव्हतं ते आता झालं. कान तापले. "चुकलं माझं," ते म्हणाले.

"हो, चुकलंच," पोस्टमन म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

सिस्टरच उठली. "पहिलं वाक्य खोटं आहे, उरलेली पानं नाहीत. सोबती काढून टाकले ते मलाही खुपतं. मी तो भाग शेवटपर्यंत खेळले. शेवटचा दिवा लावला तेव्हा शेजारी कोणी नव्हतं. मला काही वाटलंच नाही. पाचव्यात मी रडले होते."

"तुम्ही? रडलात?" लिफ्टवाला म्हणाला.

"माणूस आहे मी."

"मग हे इतके दिवस बोलला का नाहीत?"

"कसं बोलणार? मी बोलले असते तर आजोबा म्हणाले असते, बघा, सिस्टरसुद्धा कबूल करते."

"म्हणालो असतो," आजोबांनी मान्य केलं.

आणि एकोणीस वर्षांत झालं नव्हतं ते भांडण त्या दिवशी झालं. जुने नव्यांच्या बाजूने बोलले, नवे जुन्यांच्या. सोबती गेले, पण राखेचा रस्ता पहिल्यांदा खरोखर लांब वाटला, असं एक जण म्हणाला. दुसऱ्याचं म्हणणं, लांब आणि कंटाळवाणा यांत फरक असतो. आजोबा ऐकत राहिले. त्यांना मत नव्हतं, आणि मत नसताना ऐकताना माणसाला किती जास्त ऐकू येतं याचा त्यांना अचंबा वाटत होता. शेवटी लिफ्टवाल्याने आवाज लावला. "ज्याने प्रस्ताव मांडला त्याने गेम बघितला नाही. ज्याने अनुमोदन दिलं त्याने विकतही घेतला नाही. मत घ्यायचं कशावर? पुढच्या वेळी बघू."

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "फुटलं का मंडळ?"

"नाही. पोस्टमन मात्र माझ्याशी न बोलता गेला."

"बरोबर आहे त्याचं."

"हो."

आजोबांनी चार पानांतलं पहिलं वाक्य खोडलं, आणि त्याजागी आपले टक्के आणि मृत्यू लिहून लेख सगळ्यांना पुन्हा पाठवला. मग सेटिंग उघडून झाकलेला आकडा उघडा केला. पोस्टमनला वेगळा निरोप लिहिला, दोनदा खोडला, तिसऱ्यांदा एवढंच पाठवलं: 'माझ्याकडे येऊन खेळ. कधीही ये.'

सोमवारी उत्तर आलं नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी संध्याकाळी टपाल वाटून झाल्यावर पोस्टमन दारात उभा राहिला, खांद्याला रिकामी पिशवी.

"मी बोलायला आलेलो नाही," तो म्हणाला. "गेम बघायला आलोय."

"ये ना."

पोस्टमनने बूट काढले, कंट्रोलर घेतला, आणि वेशीवर गेल्यावर चौथ्या सेकंदाला मेला. परत उभा राहिला. परत मेला. आजोबा शेजारी बसले. रविवारी निघताना सिस्टरने सांगितलेली खूण त्यांनी त्यालाही सांगितली, की गदेकडे बघू नकोस, त्याच्या डाव्या खांद्याकडे बघ. पोस्टमनने खांद्याकडे बघितलं आणि खांद्याकडे बघत मेला.

बाविसाव्या वेळी तो मागे टेकला. तळहाताचा घाम विजारीला पुसला. रविवारनंतर पहिल्यांदा त्याने आजोबांकडे तोंड वळवलं.

"खरं सांगू का आजोबा? तिसराच भाग बरा होता."

"असेल," आजोबा म्हणाले. "पण ते याच्या पलीकडे जाऊन सांग."

पोस्टमनने पहारेकऱ्याकडे बघितलं, मग हातातल्या कंट्रोलरकडे. "सरका जरा. मला कोपर हलवायला जागा द्या."

आजोबा सरकले.