राहूच्या सिस्टरचा अर्ज आणि माझे दोन नियम

तक्रारदार : मी स्वतः. त्या वेळचे वय सत्तेचाळीस, शिक्षण आठवीपर्यंत, व्यवसाय अर्जनवीस; बैठक प्रथम शिरूरच्या तहसील कचेरीसमोर, नंतर एका संस्थेच्या शिरूर कार्यालयात.
ज्यांच्याविरुद्ध : त्या संस्थेचे तेव्हाचे सचिव.
काळ : दोन हजार सालानंतरच्या दशकाची अखेरची वर्षे, भारनियमनाचे दिवस.
साक्षीदार : राहू येथील उपकेंद्राच्या सिस्टर, शिरूर कार्यालयाचे शिपाई, दौंडला राहणारे संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सर्वजण आबा म्हणत, आणि पुण्याचा एक इंजिनिअर, ज्याला मी केवळ आवाजाने ओळखतो.

नावे देत नाही. नाव वाचले की वाचणारा आपला की परका एवढेच पाहतो आणि प्रकरण बाजूला राहते, हे मी कचेरीसमोर बसून पुरेसे पाहिले आहे.

संस्थेचे दोन दवाखाने होते, एक शिरूरला आणि एक दौंडला. कासुर्डी आणि राहू या गावांत उपकेंद्रे होती. संस्थेचे सरकारदरबारचे सर्व अर्ज मीच लिहीत असे, म्हणून आबांनी मला टेबलासकट आत बोलावून घेतले. दोन्ही कार्यालयांमधले टपाल तेव्हा एस. टी.च्या कंडक्टरच्या हाती जाई आणि अर्धे वाटेत विसावे. मग कोणा विश्वस्ताच्या ओळखीने इंटरनेटवरची एक व्यवस्था घेतली गेली. पत्रे, वेळापत्रके, नोंदवह्या, सगळे एकाच ठिकाणी, आणि ते ठिकाण ना शिरूरला ना दौंडला. ती बसवून देणाऱ्या पुण्याच्या इंजिनिअरला मी फोनवर विचारले की मग ते आहे कुठे. तो म्हणाला, "क्लाउडवर, काका. म्हणजे वही तुमच्या कपाटात नाही, कंपनीच्या कपाटात आहे. चावी तेवढी तुमच्याकडे." मला हे लगेच समजले. जमिनीच्या नोंदींचेही तसेच असते; फरक इतकाच की तिथे चावीही आपल्याकडे नसते.

ही चावी म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार. कोणाचे खाते उघडायचे, कोणाला काय दिसू द्यायचे, कोणाचा विसरलेला पासवर्ड बदलून द्यायचा, कोणते पत्र आपोआप कोणाकडे जावे, हे सारे त्यात येते. कार्यालयात दोन पदवीधर कारकून होते. दोघांनीही तो अधिकार नाकारला, कारण ज्याच्या हाती चावी त्याच्यावर पहिला आळ. मी तो घेतला. आठवीच्या माणसाला हे कसे जमणार, असे सचिव आबांना म्हणाले. आबांनी त्यांना विचारले, कोणता कागद कोणाच्या टेबलावरून कोणाच्या टेबलावर जातो हे कार्यालयात आणखी कोणाला तोंडपाठ आहे.  मी एका महिन्यात सर्वांची खाती उघडली, गट पाडले आणि आवक-जावकची सामायिक नोंदवही तयार केली. ती दौंडलाही उघडे, राहूलाही उघडे, वीज असली तर.

आता सिस्टरांचे प्रकरण. त्या मिशनच्या दवाखान्यात शिकलेल्या, बोलणे कमी, हात हलका. त्यांची आई दौंडच्या रेल्वे कॉलनीत, अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली. सांभाळायला दुसरे कोणी नाही. सिस्टर रोज दौंडहून राहूला येत-जात आणि मधल्या वेळात आई शेजाऱ्यांच्या भरवशावर राही. त्यांनी दौंडच्या दवाखान्यात बदलीसाठी कागदावर तीन अर्ज केले. तिन्ही वेळा सचिवांचे उत्तर एकच : अर्ज मिळालेला नाही. या उत्तराचे मर्म मला ठाऊक आहे. नकार दिला तर कारण द्यावे लागते. अर्ज मिळालाच नाही म्हटले की काहीच द्यावे लागत नाही. राहूला जायला दुसरे कोणी तयार नव्हते, हे खरे कारण होते आणि ते लिहून देण्याची सचिवांची तयारी नव्हती.

म्हणून मी व्यवस्थेत दोन नियम बसवायचे ठरवले. पहिला : कार्यालयाला येणाऱ्या प्रत्येक पत्राला आपोआप क्रमांक पडावा आणि पाठवणाऱ्याला तत्काळ पोच जावी. दुसरा : सात दिवसांत ज्याचे उत्तर गेले नाही ते पत्र आपोआप अध्यक्षांकडे आणि सर्व विश्वस्तांकडे जावे. इंजिनिअरने दोन्ही नियम यंत्राच्या भाषेत लिहून पाठवले. त्यात त्याने एक ओळ घातली होती, की जे पत्र स्वतःच पोच आहे त्याला पोच पाठवू नये.

मला ती ओळ खटकली. कचेरीत माणूस फसतो तो नेमका अशाच सवलतीत. हे साधे पत्र आहे, याला पोच लागत नाही, असे म्हणतात आणि तेच पत्र पुढे हरवते. माझ्या धंद्यात कागद तो कागद. मी फोन केला.

"ही ओळ काढायची आहे."

"काढू नका, काका. राहू दे ती."

"का?"

"तशीच असते ती. सगळीकडे असते."

"सगळीकडे असते म्हणूनच विचारतो."

तो हसला आणि म्हणाला की आत्ता मीटिंग आहे, नंतर सांगतो. मी ओळ काढली. आधी केवळ शिरूर कार्यालयाच्या ई-मेल पेटीला दोन्ही नियम लावले. आठवडाभर ते सुरळीत चालले. त्या आठवड्याच्या सोमवारी सिस्टरांचा चौथा अर्ज आला, या वेळी ई-मेलने; क्रमांक पडला, त्यांना पोच गेली. त्यांनी राहूहून फोन केला.

"भाऊ, खरंच नंबर आलाय."

"आला म्हणजे आला, सिस्टर. आता अर्ज मिळाला नाही असे कोणाला म्हणता येणार नाही."

"ते म्हणतील हो."

"म्हणू द्या. सातव्या दिवशी तो आपोआप वर जाईल."

शनिवारी दुपारी कार्यालय बंद करण्यापूर्वी मी दौंडच्या पेटीलाही पोचेचा नियम लावला आणि नीट चालतो का हे पाहायला शिरूरहून एक पत्र टाकले. दौंडने पोच दिली. ती पोच शिरूरला आली, तेव्हा शिरूरने त्या पोचेची पोच दिली. दौंडने तिची दिली. मी तोवर घरी गेलो होतो. शनिवारची दुपार आणि संपूर्ण रविवार दोन्ही कार्यालये एकमेकांना पोच देत राहिली, हजारांनी. आणि शेवटी कंपनीने दोन्ही पेट्या एका दिवसासाठी बंद केल्या. तो दिवस सोमवार होता. सिस्टरांच्या अर्जाचा सातवा दिवस. अर्ज वर गेला नाही.

ही चूक माझी होती. ती इंजिनिअरची नाही, कंपनीची नाही, विजेची नाही. हे मी त्या वेळी लिहून दिले आहे आणि आजही लिहितो. पण पुढचे जे घडले ते माझ्या चुकीत मोडत नाही.

सोमवारी सकाळी मी पोहोचलो तेव्हा शिपाई दारातच होते. म्हणाले, "अर्जनवीस, तुमची दोन यंत्रं शनवारपास्नं एकमेकास्नी रामराम घालत्यात. कुणी आदी थांबायचं त्येच ठरना."

सचिव आत होते. त्यांनी दोन्ही कारकुनांना उभे केले होते, ऐकायला.

"तुम्ही संस्थेचं कामकाज बंद पाडलंत," ते म्हणाले. "अधिकार आत्ता सोडा. कागदावर लिहा आणि सही करा."

"लिहितो. पण आधी सिस्टरांच्या अर्जावर निर्णय द्या. आज सातवा दिवस आहे."

"कुठला अर्ज? वहीत नाही."

पेट्या बंद असल्या तरी नोंदवही उघडत होती. मी उघडली. ओळ खरोखरच नव्हती. वरचा क्रमांक होता, खालचा होता, मधला नव्हता. क्षणभर मलाही वाटले की तो गोंधळही माझ्याच नियमाने केला असेल. मग त्या वहीत एक सोय असल्याचे आठवले : वही आधी कशी होती आणि कोणत्या खात्यातून काय बदलले, हे पाहता येते. मी मागील आवृत्ती उघडली. शुक्रवारपर्यंत ओळ जागेवर होती. शनिवारी सकाळी, माझ्या पोचांचा धुमाकूळ सुरू होण्याच्या आधी, ती काढली गेली होती. आणि शेजारी सचिवांचे खाते लिहिलेले होते.

मी पडदा त्यांच्याकडे वळवला.

"माझं खातं शिपाईसुद्धा उघडतो," सचिव म्हणाले.

शिपाई दारातून म्हणाले, "उघाडतू की. साहेब म्हणत्यात, उघाड, मी उघाडतू. पर मला निस्तं चालू आन् बंद येतं. पुसायचं अजून शिकवलं न्हाई कुणी." कारकुनांपैकी एकजण खोकल्याच्या निमित्ताने बाहेर गेला.

मी अधिकार सोडल्याचा कागद लिहिला नाही. नोंदवहीची दोन्ही पाने छापली, आधीचे आणि नंतरचे. वीज जाण्यापूर्वी कशीबशी निघाली. मग न्हावऱ्यावरून चौफुल्याला आणि तिथून दौंडला, दोन गाड्या बदलून आबांच्या घरी गेलो. यंत्राने जे पोहोचवायचे होते ते मी हाताने पोहोचवले, आणि सातव्या दिवशीच पोहोचवले.

आबांनी दोन्ही पाने चष्मा पुसून वाचली.

"पोचेला पोच कशाला रे?"

"मला वाटलं, एकही कागद सुटू नये."

"चूक झाली तुझी."

"झाली, आबा. लिहून आणली आहे. ही घ्या. पण ती ओळ मी पुसलेली नाही."

"ते दिसतंय," ते म्हणाले आणि पानांची घडी घातली. सचिव त्यांच्या साडूंचे मेहुणे लागत होते, हे मला माहीत होते. "वाढवू नकोस," ते म्हणाले.

मी माझ्या कबुलीच्या दुसऱ्या प्रतीवर त्यांच्याकडून 'मिळाले' अशी सही घेतली. त्यांना ते आवडले नाही. मी तसाच उभा राहिलो, तेव्हा त्यांनी केली.

त्याच आठवड्यात दोन आदेश निघाले. एकाने सिस्टरांची बदली दौंडला झाली, 'प्रशासकीय सोयीनुसार'. अर्जाचा उल्लेख नाही, क्रमांक नाही, संदर्भाची जागा कोरी. दुसऱ्याने माझा अधिकार काढून घेतला आणि दोन्ही नियम बंद केले. पोचेचा नियम मी तोवर दुरुस्त केला होता, इंजिनिअरची ओळ जागेवर परत घालून. तो बंद करण्याचे कारण नव्हते. सात दिवसांच्या नियमाने तर कधीच काही बिघडवले नव्हते. बंद करायचा होता तो तोच.

सिस्टर मला दौंड स्टेशनाबाहेर भेटल्या. म्हणाल्या, "भाऊ, आता सोडा. आई जवळ आहे, मला दुसरं काय पाहिजे?"

"तुम्हाला मिळाले, सिस्टर, याचा आनंद आहे. पण तुम्ही मागितले म्हणून दिले, असे त्यांनी कुठे लिहिलेले नाही."

"न लिहिल्यानं माझं काय अडतंय?"

"तुमचे नाही अडत. तुमच्या मागून राहूला जी बाई येईल, तिचा अर्जही त्यांना मिळणार नाही."

त्यांनी मान हलवली. पटले की नाही ते मला कळले नाही. त्या आईच्या औषधाच्या वेळेला निघून गेल्या.

मी संस्था सोडली आणि पुन्हा कचेरीसमोर टेबल मांडले. तेव्हापासून या विषयावर संस्थेला वेळोवेळी पत्रे दिली. एकाचेही उत्तर नाही. मंडळावर आज जे कोणी विश्वस्त असतील, त्यांना याद्वारे नम्रपणे पण ठामपणे विनंती की :

सिस्टरांच्या बदली आदेशात संदर्भ म्हणून त्यांच्या चौथ्या अर्जाचा क्रमांक नमूद करून दुरुस्तीपत्र काढावे. सात दिवसांचा नियम पुन्हा चालू करावा, चावी कोणाकडेही द्यावी, मला नको. आणि माझी चूक व सचिवांचे कृत्य या दोन वेगळ्या बाबी आहेत, असा स्पष्ट अभिप्राय लेखी द्यावा. अभिप्राय माझ्याविरुद्ध असला तरी चालेल. तो कारणांसह असावा आणि त्यावर जावक क्रमांक असावा.