भंवरजींचे कान

जयपूरच्या तिलक नगरात आम्हा मराठी मंडळींचा महिन्यातून एकदा फराळ-गप्पांचा कार्यक्रम असतो. तिथं दर वेळी कोणीतरी विचारतंच, "अगं, तुझ्याकडे इतके किस्से येतात कुठून?" आता येतात कुठून काय, मी नोकरी करते तिथं ते दाराशी चपला काढून आपणहून आत येतात! मी नको म्हटलं तरी येतात.

मी मूळची सांगलीची. नवऱ्याची रेल्वेत बदली झाली म्हणून जयपूरला आले आणि विश्वकर्मा इंडस्ट्रियल एरियात कूलरच्या पत्र्याच्या बॉड्या बनवणाऱ्या एका कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर म्हणून चिकटले. माझं काम काय, तर कामगार आजारी पडू नयेत हे बघायचं. पडल्यावर काय करायचं ते सगळ्यांना माहीत असतं. पडायच्या आधी काय करायचं हे सांगणाऱ्या बाईकडे मात्र लोक लहान मुलाकडे बघावं तसं कौतुकाने बघतात आणि आपापल्या कामाला लागतात.

हे किस्से सांगताना मी पूर्वी पोट धरून हसायचे. हल्ली मधेच थांबते. पण सांगते. आमची माणसं बोलतात हिंदी-मारवाडीत, मी आपलं मराठीत सांगते.

*

पहिल्या हेल्थ कॅम्पच्या आधी मी गेटवर मोठ्ठी नोटीस लावली होती. 'रक्त तपासणीसाठी रिकाम्या पोटी यावे.' सकाळी बघते तर अख्ख्या डिस्पॅच खात्याच्या बोटांना तेल!

"अहो, रिकाम्या पोटी या म्हटलं होतं ना?" मी रांगेतल्या पहिल्याला विचारलं.

"रिकाम्या पोटीच आलोय, मॅडमजी. फक्त कचोरी खाल्ली."

"कचोरी म्हणजे खाणं नाही?"

"कचोरी म्हणजे खाणं?" त्याने मागच्या माणसाकडे असं पाहिलं, की ही बाई जयपुरात नवीन दिसते!

त्या दिवशी सगळ्या कारखान्यात एकच बाई खरोखर उपाशी आली, पॅकिंगची गीताबाई. तिने तर आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. रक्त देऊन झालं, मी तिच्यापुढे बिस्किटं धरली, तर ती हात मागे घेऊन बसून राहिली.

"खा की गं."

"आधी कहाणी कोण सांगणार?" ती म्हणाली. इकडे उपास सोडायच्या आधी व्रताची कहाणी ऐकतात ना! शेवटी आमच्या डॉक्टर मॅडम खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या आणि त्यांनी ब्लडप्रेशरची कहाणी सांगितली. गीताबाईने हात जोडून ऐकली, मगच बिस्किट तोंडात घातलं. आजही ती बीपीची गोळी चुकवत नाही. सगळ्या कारखान्यात माझं ऐकलेली ती एकटीच.

*

आमचे सेठजी माणूस वाईट नाही. कॅम्प त्यांच्या वडिलांच्या नावाने असतो. बॅनर, हार, फोटो सगळं साग्रसंगीत. पहिल्या वर्षी मी म्हटलं, "सेठजी, तुम्हीही एकदा बीपी बघून घ्या."

"मी कशाला? कॅम्प कर्मचाऱ्यांसाठी आहे. मी मालक आहे!"

त्याच थंडीत एका पहाटे त्यांच्या छातीत कळ आली, धावपळ झाली, हॉस्पिटलात राहून आले. तेव्हापासून आमच्या कंपनीत तब्येतीला फार महत्त्व आलंय. सेठजींच्या.

*

मग एचआरच्या पोरांनी चालण्याची स्पर्धा काढली. मोबाइलवर अ‍ॅप, ज्याची पावलं जास्त त्याला मिक्सर. प्रेस शॉपचा सीताराम पहिल्या दिवसापासून असा काही पुढे गेला, की दिवसभर स्टुलावर बसणारा हा माणूस हिशोबाने अजमेरला जाऊन परत आला असावा!

मी प्रेस शॉपमध्ये गेले. प्रेस म्हणजे पत्रा कापणारं, वाकवणारं ते अजस्र यंत्र. प्रत्येक ठोक्याला जमीन हादरते, छातीत धडधडतं. सीताराम निवांत बसलेला आणि त्याचा मोबाइल प्रेसच्या दांड्याला फडक्याने बांधलेला. प्रत्येक ठोक्याला एक पाऊल!

"अरे, हे काय?"

"मॅडमजी, प्रेस आणि मी वेगळे आहोत का?"

मिक्सर त्याला मिळाला नाही. त्याबद्दल तो अजून माझ्याशी भांडतो.

*

आता भंवरजी. प्रेस शॉपचे फोरमन, सीतारामचे जिवलग दोस्त, ताठ बांधा, मिशा अशा की बघत राहावं. आयुष्य त्या धडधडाटात गेलं. तिथं बोललेलं ऐकू येणं शक्यच नाही, म्हणून त्या लोकांची हातवाऱ्यांचीच भाषा आहे. चहा, जेवण, सेठजी आले, मॅडम आली, प्रत्येकाची खूण वेगळी. माझी खूण काय आहे ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

मी आवाज अडवायला कानात घालायची नारिंगी बुचं मागवली, दोरीवाली. प्रसाद वाटावा तशी एकेकाच्या हातात ठेवली. पुढच्या आठवड्यात बघते तर भंवरजींच्या गळ्यात ती माळेसारखी लटकलेली.

"कानात घाला ना, भंवरजी!"

"आहेत ना जवळ. गेली कुठं?"

बाकीच्यांची कुठं गेली ते मला मुरलीपुऱ्यात कळलं, एका कामगाराच्या घरी. त्याच्या कूलरच्या टाकीला भोक पडलं होतं आणि त्यात आमचं बूच फिट्ट बसलं होतं. "एक थेंब गळत नाही, मॅडमजी! फार चांगली वस्तू दिलीत," असं म्हणून त्याच्या बायकोने मला सरबत दिलं. रागवायचं तरी कोणावर!

भंवरजींचं घर त्याच गल्लीत. त्यांचा टीव्ही सुरू असला, की शेजारपाजारच्यांना आपला लावायची गरज पडत नाही. त्यांची मुलगी किरण मला दारात भेटली. हसून म्हणाली, "आंटीजी, बाबांना काही सांगायचं तर आधी समोर जाऊन उभं राहावं लागतं." मी त्यांना कान तपासायला सांगितलं, तर म्हणाले, "दर वर्षी तपासतो की. पास आहे!"

आणि खरंच पास होते.

*

कान तपासायला एक गाडी यायची. आत काचेची छोटी खोली. कामगार हेडफोन लावून बसणार, तंत्रज्ञ बाहेर मशीनवर बारीक-मोठे आवाज वाजवणार, ऐकू आला की आतल्याने बटण दाबायचं. भंवरजी दर वर्षी असे पास, की तंत्रज्ञ म्हणायचा, "कॉलेजच्या पोराचे कान आहेत!"

त्या वर्षी काय झालं, भंवरजी आत बसले. तपासणी सुरू झाली, टकाटक बटण दाबत होते. मधेच तंत्रज्ञाने हात थांबवला. मशीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मॅडम, हे काय प्रकरण आहे? मी न वाजवलेलंही ह्यांना ऐकू येतंय!"

मी वळून बघितलं. काचेबाहेर, भंवरजींच्या बरोबर समोर सीताराम उभा. त्याच्या नाकावर माशी बसलेली आणि तो ती उडवायला पुन्हा पुन्हा नाकाला हात लावतोय. तो नाकाला हात लावतो, भंवरजी बटण दाबतात!

आवाज वाजला की मशीनवर एक छोटा दिवा लागायचा. सीतारामला तो दिसायचा. तो नाकाला बोट लावायचा आणि भंवरजी पास व्हायचे. दर वर्षी! आमच्याकडे कान नापास झाला, की माणसाला प्रेसवरून उतरवून पॅकिंगला पाठवतात. कागदावर ते त्याच्याच भल्याचं असतं. पण प्रेस शॉपवाले त्याला 'डब्यात गेला' म्हणतात. आपला दोस्त, एवढा फोरमन, डब्यात जाऊ नये म्हणून सीताराम इमानेइतबारे नाकाला बोट लावत आला होता.

सगळे हसून लोळायचे बाकी राहिले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. डॉक्टर मॅडमनी सीतारामला बाजूला घेतलं, काचेवर पडदा लावला आणि तंत्रज्ञाला म्हणाल्या, "आता पुन्हा घ्या."

तंत्रज्ञाने सुरुवात केली. दिवा लागला, विझला. पुन्हा लागला. आतून काही नाही. त्याने आवाज वाढवला. आणखी वाढवला. आमची माणसं अजून खिदळत होती. मग एकेक जण मशीनजवळ येऊन तो दिवा बघायला लागला.

बऱ्याच वेळाने भंवरजींनी खोलीचं दार जरासं उघडून डोकं बाहेर काढलं. "सुरू केलं का?" त्यांनी विचारलं.

*

डॉक्टर मॅडमनी त्यांना समोर बसवून, मोठ्याने, सावकाश सांगितलं. गेलेलं परत येत नाही. पहिल्याच वर्षी कळलं असतं तर बरंच राखता आलं असतं. भंवरजी मान डोलावत राहिले. सीताराम मात्र गाडीच्या पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला. "मी तर त्याचं भलं करत होतो, मॅडमजी. दुसरं काय करत होतो?"

मला भयंकर राग आला होता. आणि तो काढायला समोर एकही वाईट माणूस नव्हता. ह्याचंच मला आजही सगळ्यात वाईट वाटतं. गाडी येत होती, बुचं येत होती, डॉक्टर येत होत्या. सगळं वेळेवर येत होतं, आणि त्या माणसाचे कान सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गेले.

भंवरजी पॅकिंगला आले. कानाचं मशीन आलं. ते त्यांनी पहिले काही महिने खिशातच वापरलं. बायकोने डोळे वटारल्यावर कानात गेलं. त्या दिवशी म्हणे ते स्वयंपाकघराच्या दारात बराच वेळ उभे राहिले. पोळी तव्यावर टाकल्याचा आवाज होतो हे ते विसरूनच गेले होते.

*

ह्या हिवाळ्यात किरणचं लग्न झालं. एकुलती एक मुलगी, सासर बिकानेरला. मी आणि आमचे हे दोघंही गेलो होतो. भंवरजींनी केशरी साफा बांधला होता, रुबाब बघत राहावा असा. पण साफा कानावर घट्ट बसला, की ते मशीन शिट्टी मारायचं. त्यात दारात बँडवाले. शेवटी वैतागून त्यांनी मशीन काढलं आणि खिशात टाकलं. "आज काय ऐकायचंय? आज सगळं बघायचंच आहे," असं मलाच म्हणाले.

निरोपाची वेळ झाली. बँड वाजतच होता. किरण सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली, आईला सोडवेना. मग बाबांकडे आली. त्यांच्या गळ्यात हात टाकले, साफ्याची कड बोटाने जराशी वर केली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलली. चांगलं लांबलचक बोलली. मधे हुंदका आला म्हणून थांबली, पुन्हा बोलली. भंवरजी तिच्या डोक्यावरून हात फिरवत होते. "हां बेटा. हां. हां," म्हणत होते. तिने डोळे पुसले, त्यांच्याकडे बघून हसली आणि गाडीत जाऊन बसली.

गाडी गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी झाली. बायका आत गेल्या. बँडवाले आपली वाद्यं गुंडाळायला लागले. भंवरजी तिथंच उभे होते. मग माझ्याजवळ आले, खिशातून मशीन काढून कानात बसवलं आणि हळूच म्हणाले, "मॅडमजी, तुम्ही तिच्या अगदी मागेच होतात. काय म्हणाली ती?"

मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. "मला नाही ऐकू आलं, भंवरजी. तुमच्या कानात बोलली ती."

त्यांनी कानातलं मशीन बोटाने पुन्हा नीट दाबून बसवलं.

"तुम्हालाही नाही?"