मस्कतवाल्या काकूंचं नाक

मस्कतवाल्या काकूंच्या क्लासमध्ये हाताची घडी घालून उभं राहायची सोय नव्हती. नवी बाई आली, वही उघडून कोपऱ्यात बसली, की काकू तिच्या हातातलं पेन काढून घेत आणि तिथे कणकेचा गोळा ठेवत. "पाहाले मोबाइल आहे बाई. इथं हात भरवाचे," असं म्हणून त्या पुढच्या बाईकडे वळत. माझाही पहिला दिवस असाच गेला. संध्याकाळी घरी परतताना माझ्या कोपरापर्यंत मैदा होता.

भंडाऱ्याहून वैनगंगेचा पूल ओलांडला की कारधा लागतं. तिथे काकूंचं घर होतं. काका मस्कतला विजेच्या कंपनीत होते, त्यामुळे काकूंचं अर्धं आयुष्य तिकडे गेलं. त्यांच्या इमारतीत देशोदेशीची कुटुंबं राहायची. भाषा कुणाला कुणाची येत नव्हती, म्हणून बायका दुपारी एकमेकींच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायच्या. काकू तिथेच शिकल्या. निवृत्तीनंतर दोघं गावी परतले आणि थोड्याच दिवसांत काका गेले. मग काकूंनी बैठकीतला सोफा ओसरीवर काढला, दोन शेगड्या मांडल्या आणि दर गुरुवारी दुपारी आम्हा आठ-दहा गृहिणींना जगभरचं रांधायला शिकवू लागल्या.

सामान मिळत नाही ही सबब त्यांना चालत नसे. लेबनॉनच्या कोशिंबिरीला लागणारा पाला भंडाऱ्याच्या बाजारात नव्हता, तर त्या कोथिंबिरीची जुडी पुढे करत म्हणाल्या, "सांभार घाला अन् वरून पुदिना. त्यायच्या देवाले चालते." थाई सूप करायचं म्हणून त्यांनी परसातून गवती चहा उपटून आणला, तेव्हा आम्ही हसलो. सर्दीचा काढा करतात त्याचं सूप! पण त्यात तलावातले झिंगे पडले, वर लिंबू पिळलं, आणि एका वाटीवर कुणाचं भागलं नाही. जपानी भाताचे गोळे आम्ही आपल्या चिन्नोर तांदळाचे केले. "आपला तांदूळ कोणत्या देशात लाजणार नाही," हे काकूंचं लाडकं वाक्य होतं.

माझ्या सासूबाईंना मात्र हे सगळं खूळ वाटायचं. त्या एकोडीच्या, धानाच्या बांधीत वाढलेल्या. "घरी भात कमी पडला का, म्हणून जपानचा भात शिकाले चालली?" असं त्या दर गुरुवारी विचारायच्या. मी पिशवी उचलायची.

एका वर्षी पावसाळ्याच्या शेवटी काकूंना ताप आला. बऱ्या झाल्यावर क्लास पुन्हा सुरू झाला, पण काहीतरी बिनसलं होतं. पूर्वी त्या लांबूनच ओरडायच्या, "कोणाचा लसूण पोळला?" आता जवळ येऊन कढईत डोकावायच्या आणि काही न बोलता पुढे जायच्या. आम्हाला वाटलं, अशक्तपणा असेल.

त्या गुरुवारी आम्ही तिळाची पेस्ट घालून काबुली चण्याची चटणी वाटली. भांड्याचं झाकण काढलं आणि आम्ही एकमेकींकडे पाहिलं. तीळ जुने असावेत. इतका खवट वास, की एकीनं पदर नाकाला लावला. काकूंनी बोट बुडवून चाटलं आणि म्हणाल्या, "मस्त जमली. वाढा."

शेवटी मीच म्हटलं, "काकू, तीळ खवट झालेत."

त्यांनी भांडं उचलून नाकाशी नेलं. एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं. मग ते हळूच ओट्यावर ठेवून त्या स्टुलावर बसल्या.

"मले वास येत नाही," त्या म्हणाल्या. "तापापासून गेला. मीठ कळते, आंबट कळते, तिखट कळते. बाकी समदं भुसा खाल्ल्यासारखं. वाटलं होतं, येईल चार दिवसात." मग हसायचा प्रयत्न करत त्यांनी नाकावर बोट ठेवलं. "हे आता शोभेचं आहे. नाक गेलेल्या बाईनं कोणाले काय शिकवाचं? बंद करू आता."

त्यांच्या डोळ्यात पाणी मी पहिल्यांदा पाहिलं. काकांच्या आठवणी सांगतानाही त्या आमच्यासमोर रडल्या नव्हत्या.

पुढच्या गुरुवारी न ठरवता आम्ही सगळ्या त्यांच्या फाटकापाशी जमलो. दार उघडून काकू म्हणाल्या, "काहून आल्या? सांगतलं न, बंद आहे म्हणून." मी म्हटलं, "काकू, तुमचे हात आहेत, आमचं नाक आहे. चालेल का?" त्या दारातून बाजूला झाल्या.

खरा क्लास त्या दिवशी सुरू झाला असं मला वाटतं. काकू मसाला परतायच्या आणि आमच्यापैकी एकीला पुढे बोलवायच्या. "सांग, कसा वास येऊन राहिला?" ती म्हणायची, "छान." काकू उसळायच्या. "छान म्हणजे काय? कच्चट, खमंग, की करपाले आला? मी तुह्या भरवशावर उभी आहो बाई!" आम्ही गोंधळायचो. इतकी वर्षं घरादाराला जेवायला घातलं, पण तुला कसं लागलं असं आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. हळूहळू शब्द सुचू लागले. त्यांच्या कुंडीतल्या इटालियन पाल्याचा वास तुळशीसारखा, पण बडीशेपेकडे झुकलेला, हे एका अगदी अबोल बाईनं सांगितलं तेव्हा काकूंनी तिची पाठ थोपटली.

घरी मीही प्रत्येक डबा हुंगू लागले. सासूबाई वैतागल्या, "काहून सगळ्यात नाक घालून राहिली?" मी त्यांना काकूंची गोष्ट सांगितली. पुढच्या गुरुवारी त्या लुगडं बदलून ओसरीत तयार बसल्या होत्या.

त्या दिवशी काकू मस्कतच्या इमारतीतल्या इथिओपियन शेजारणीसारखी कॉफी करणार होत्या. हिरवे दाणे कढईत भाजायचे आणि धूर सगळ्यांनी हुंगायचा. दाणे तडतडू लागले. काकूंनी सवयीनं विचारलं, "कसा येऊन राहिला?" आम्ही कॉफीसारखा, चॉकलेटसारखा, असं काहीबाही सांगितलं. मागे बसलेल्या सासूबाई पुढे सरकल्या. कढईवर वाकून म्हणाल्या, "मोहफुलं भाजतानी येते न बाई, तसा. आंधी गोड. मंग मांगून कडू."

काकूंनी डोळे मिटले. त्यांचं बालपण मोहाच्या जंगलाकाठच्या गावातलं. "चुलीवर? मातीच्या खापरात?" त्यांनी विचारलं.

"हो. अन् पोट्टे भोवती बसले रायते, तसा."

"आला," काकू म्हणाल्या. "आला मले." आणि त्यांनी सासूबाईंचा हात घट्ट धरला.

पुढे एकटं राहणं झेपेना, तेव्हा लेक त्यांना बंगळूरला घेऊन गेली. निघताना शेगड्या त्यांनी आमच्या घरी पाठवल्या. आता गुरुवारी बायका आमच्याकडे जमतात. सासूबाई खुर्ची टाकून बसतात आणि कुणी "छान" म्हटलं की माझ्याआधी त्याच भडकतात.

परवा भरदुपारी काकूंचा फोन आला. आवाज इतका चढलेला, की मी घाबरले.

"काल गॅसवर दूध ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "उतू गेलं, अन् खाली लागलं. पोरगी आतून ओरडत आली, आई, वास नाही येत का तुला?"

"मग?"

"मी म्हटलं, येऊन राहिला बाई. म्हणूनच तर गॅस बंद नाही केला."