पानं गार झाली, गुडघा नाही

शहाद्याच्या दवाखान्यात बसून हे लिहितो आहे. आत आईचा गुडघा उघडून धुतायत.

गेल्या आठवड्यात शेतात निंदताना तिच्या गुडघ्यात बाभळीचा काटा गेला. तिनं तो उपटून फेकला आणि विसरली. परवा गुडघा सुजला. आम्हाला तो वात वाटला. आमच्याकडे अशा वेळी तेल चोळतात आणि रुईची पानं तव्यावर तापवून बांधतात. मीही तेच केलं.

"तुन्हा हातमा जोरच नही. जोरमा चोय," मी चोळत असताना ती म्हणाली.

काल रात्री तिचं अंग तापलं होतं. मी विचारलं, तर म्हणाली, "पानस्नी गरमी शे ती."

मला ते पटलं.

आज सकाळी पानं सोडली. ती गार पडली होती. गुडघा मात्र हाताला चटका देत होता. पाय सरळ होईना, तिला हुडहुडी भरली होती.

तिला इथं आणलं. डॉक्टरांनी सुईनं गुडघ्यातलं पाणी काढलं. ते गढूळ, पिवळं होतं. "हा वात नाही, सांध्यात पू झालाय," ते म्हणाले. पाणी तपासणीला पाठवून त्यांनी लगेच शिरेतून औषध सुरू केलं. गुडघा पूर्वीसारखा वाकेल का, ते आत्ताच सांगता येणार नाही म्हणाले.

गुडघा धुवायला आत नेताना आई म्हणाली, "मीच तुले सांगं ना, चोय म्हनीसन."

तुमच्या घरी आज कुणाच्या सुजलेल्या सांध्यावर पानं बांधलेली आहेत का? ती सोडून एकदा हात लावून पाहाल?