मुंगीचे दोन कॅन

ही माझी धाकटी बहीण. सख्खी. आधीच सांगून ठेवतो, कारण लोकांना वाटतं, एवढी हुशार पोरगी ह्याच्या घरची कशी! कायम काहीतरी ओढून आणते म्हणून घरात तिचं नाव मुंगी. तिच्या कॉलेजात वाळवलेल्या झाडांची खोली आहे. रानातली झाडं आणायची, कागदात दाबायची, जाड पुठ्ठ्यावर चिकटवायची, हे तिचं काम. तिच्यासारखा हात अख्ख्या कॉलेजात कुणाचा नाही. मी शिकलो आठवीपर्यंत, पण मोठी क्रेन चालवतो. पाचव्या मजल्यावर तुळई ठेवायची तर मलाच बोलावतात. सगळा खेळ नजरेचा. आणि ती नजर आज आहे ती मुंगीमुळे.

त्या रविवारी तिला जुन्या खाणीमागच्या उतारावरचं झाड हवं होतं. कुंपणाला लावतात त्या शेराच्या जातीचं, रानटी, गुडघ्याएवढं. तिथं नुसता मुरूम आणि दगड, गवतसुद्धा करपलेलं, आणि हे आपलं हिरवंगार, फळांनी लगडलेलं. शेळ्या तोंड लावत नाहीत. वरून वाळलं तरी मुळापासून दरवर्षी फुटतं. मुंगी पाण्याचे दोन मोठे कॅन घेऊन चढत होती.

"वर आंघोळ करणार आहेस का?"

"दादा, त्याचा चीक वाईट असतो. हातमोजे घाल."

"मी लोखंड उचलतो, मुंगे. हा तर पाला!"

ती मुळाभोवतीचे दगड एकेक सैल करत होती. मला कुठला धीर? धरलं झाड आणि दिला हिसका. फांदी मोडली, दुधासारखा चीक मनगटापर्यंत आला. घाम डोळ्यात उतरला म्हणून त्याच हातानं पुसला.

आई गं! निखाराच ठेवला जणू. मुंगीनं मला आडवं पाडलं, पापणी उघडी धरली आणि पाणी ओतत राहिली.

"पुरे गं!"

"हवं तेवढं ओरड, पण डोळा मिटू नकोस."

दोन्ही कॅन रिकामे झाले तेव्हाच उठू दिलं. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, "पाणी लगेच घातलं, फार बरं केलं. पण हा चीक मागाहूनही चढतो. नजर किती राहिली ते सकाळी पट्टी काढल्यावर कळेल." गावभर मिशी पिळणारा मी, बहिणीचा हात धरून घरी आलो. एका डोळ्याच्या माणसाला क्रेनवर कोण बसवतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंगीनं पट्टी काढली. माझा चांगला डोळा तिनं तळव्यानं झाकला. तेवढ्यात, कालचं झाड दाबून ठेवलं होतं त्या टेबलावरच्या कागदांतून 'टक्' असा आवाज आला. धांदलीत ती झाड उकळत्या पाण्यात बुडवायला विसरली होती, आणि तसं केलं नाही तर ही जात कागदातही जिवंत राहते. फळ फुटून बी उडालं.

"कुठं गेलं?" ती म्हणाली.

"टेबलाच्या पायाशी. डावीकडच्या. मोहरीएवढं, करडं."

तिनं वाकून बी उचललं आणि तिथंच जमिनीवर बसून रडायला लागली. डोळे पुसायला हात वर गेला तसा मी ओरडलो,

"मुंगे, आधी हात धू!"